दुपटीने काढलेला चेहरा

मंगळवार, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. लिहीन लिहीन म्हणत आठवडा घालवला. पेन सापडत नव्हतं असं सांगणार होतो, पण ते सगळा वेळ खिशातच होतं. फोन केला असता तर भाऊजींनीच उचलला असता, म्हणून तोही टाळला.

हे काम तरी टिकतंय का, असं तू विचारलं होतंस. टिकतंय. आरोग्याची फिरती गाडी आहे. माणसाला स्टुलावर बसवायचं, फोटो काढायचा, सवयी विचारायच्या, की मशीन त्याचा साठीतला चेहरा दाखवतं. एक सवयी तशाच ठेवल्या तर आणि एक सोडल्या तर. माणूस टरकला की आतल्या खोलीत डॉक्टरीणबाई असतातच. माझाही काढला. टक्कल पडणार आहे. ड्रायव्हरकाका म्हणाले, "चला, आत काही नाही हे बाहेरून तरी कळेल." त्यांची स्वतःची मिशी मशीनने पार उडवली, तेव्हापासून ते त्याच्याशी बोलत नाहीत. बघ, मला काय सांगायचंय आणि मी काय सांगतोय.

गेल्या आठवड्यात आमची गाडी भाऊजींच्या कारखान्याच्या फाटकाशी होती. हो, तुमच्या इतक्या जवळ येऊन मी घरी आलो नाही. रागव. पण पुढचं वाचून मग रागव.

जेवणाच्या सुट्टीत भाऊजी दोस्तांना घेऊन आले. "काय रे भटक्या, यातून कधी पळणार?" म्हणत स्टुलावर बसले. मी विचारलं, दिवसाला किती सिगारेटी? म्हणाले, "पाच." मागून कोणीतरी ओरडलं, "पाच पाकिटं लिही रे!" सगळे खिदळले.

आता आमच्यात एक रीत आहे. लोक सिगारेटी नेहमी कमी सांगतात, म्हणून आम्ही गुपचूप दुप्पट आकडा घालतो. ड्रायव्हरकाकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी दहा घातल्या.

दातांच्या फोटोसाठी त्यांनी आ केला, तेव्हा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. असं काही दिसलं तर माणसाला सरळ आत पाठवायचं, हे मला माहीत आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात चेहरा आला. ताई, गाल आत गेलेले, ओठ सुकून ताणलेले, कातडी राखेसारखी. दोस्तांपैकी एकजण हळूच म्हणाला, "हा तर संपलाच की."

मी म्हटलं, "भाऊजी, आत चला, डॉक्टरीणबाईंना तोंड दाखवा."

"इतकी वाट लागलीये तर आता सोडून काय आणि दाखवून काय?" बाहेर जाऊन त्यांनी तिथेच सिगारेट पेटवली. मी मागे धावलो. म्हणाले, "तुझ्या ताईला एक शब्द जरी बोललास तर माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही."

त्याच संध्याकाळी तुझा निरोप आला. यांनी कमी करत करत पाचवर आणल्यात, भेटलास की पाठ थोपट, म्हणून. माणूस आयुष्यात एकदा खरं बोलला, आणि मी नेमकं तेव्हाच त्याला खोट्यांच्या रांगेत बसवलं.

काल त्यांच्या त्याच फोटोवरून, खऱ्या आकड्याने चेहरा पुन्हा काढला. म्हातारे दिसतात, पण भाऊजीच दिसतात. सोडली तर गालही भरलेले. फोटो सोबत ठेवतोय. पण चट्टा काही मशीनने आणलेला नाही, तो खरा आहे. दातांचा फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणतात, तुकडा काढून तपासायला हवा, आत्ता कळलं तर बरं. गाडी अजून तुमच्याच गावात आहे, उद्या पुढे जाणार, म्हणून हे पत्र हातोहात पाठवतोय. त्यांना कसंही करून आज इथे

थांब, कोणीतरी दार वाजवतंय.

ताई, तूच आलीस! पायरीवर चपला काढतेयस. ही गाडी आहे गं, देऊळ नाही. एकटीच आलीस. ड्रायव्हरकाकांना विचारते आहेस, "डॉक्टरीणबाई आहेत का? माझ्या मिस्टरांच्या तोंडात काहीतरी झालंय. ते नाहीच म्हणतात, दाखवून काय उपयोग म्हणतात. असं का करतात तेच कळत नाही."

का ते मला माहीत आहे. तोंडाने सांगायला गेलो तर पुन्हा टकलाबद्दल बोलत बसेन. म्हणून हा कागद तसाच तुझ्या हातात देतो आणि गाडीतून खाली उतरून उभा राहतो. वाचून झालं की हाक मार. आपण दोघं मिळून त्यांना आणायला जाऊ. दारात घेतलं नाही तर दाराबाहेरून सांगेन, चूक त्यांची नव्हती, आकडा मी दुप्पट घातला होता.

तुझाच,
भटक्या