सड्यावरचा वारा

पुणे, १२ जून २०२५

तीर्थरूप परशुरामकाकांस नीरजाचा शि. सा. न.

फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं रचता, म्हणून पत्र. तुमच्या सड्यावर, घरामागच्या त्या उघड्या कातळपठारावर, वारा मोजायला उभारलेल्या मनोऱ्याकडून आकडे येणं बंद झालंय. खरी परीक्षा तर पावसाळ्यातच. कोकणात पवनचक्कीपुरता वारा नाही असं ऑफिसात सगळे म्हणत होते. मीच हट्टानं तुमचा सडा सुचवला. हे महिने हुकले तर जागा बाद, आणि माझा शब्दही. कुणाला तरी वर बघायला सांगाल का? तुम्ही स्वतः चढू नका.

वासंतीकाकूंना नमस्कार. माया आहेच, ती राहू द्या.

तुमची नीरजा

अंजनवेल, १९ जून

चि. नीरजास अनेक आशीर्वाद.

बाळ, गुन्हेगार मीच. पावसाआधी आपण लाकडं, पंप, सगळं झाकतो. त्याच हातानं मनोऱ्याच्या सोलर प्लेटवरही माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधली. पोरीचं यंत्र भिजू नये, एवढंच मनात. उजेडावर चालणारं यंत्र मी अंधारात कोंडलं! तुझी काकू अजून हसते आहे.

"चढू नका" लिहिलंस, म्हणून लगेच सडा चढलो. झापं सोडली तशी हातातून उडाली, ती थेट खाली बागेत. मला उभं राहवेना. कातळावर बसलो, मग चक्क आडवा झालो. मोहोर झाडतो म्हणून या वाऱ्याला जन्मभर अंगणातून शिव्या घातल्या, पण पावसात त्याच्या घरी कधी गेलो नव्हतो. समुद्रावरून येताना तो दिसतो गं, गवत लववत येतो. मी आपले हात जोडले. भीती वाटली, पण उठावंसं वाटेना.

तब्येत सांभाळ. आमचं लक्ष तुझ्याकडे आहे.

परशुरामकाका

पुणे, ३० जुलै

ती. काकांस सा. न.

आकडे त्याच दुपारी सुरू झाले. मधले बुडालेले दिवस चालून गेले. परवा अहवाल दिला: वारा भरपूर आहे, पण त्याचे झटके असे की आम्ही योजलेली पवनचक्की तिथे टिकणार नाही. जागा बाद. साहेबांनी आकडे पुन्हा तपासायला लावले, ते तसेच निघाले.

मला वाईट वाटलं, अगदी रडले. मग तुमचं पत्र पुन्हा काढलं. इतके महिने मी तो वारा पडद्यावरच्या रेघांत पाहिला, काका. मनोरा उभारला तेव्हाही हवा पडलेलीच होती. मनोरा उतरवायच्या आधी, पावसातच, मी येते आहे. या वेळी "चढू नका" लिहीत नाही. मलाही तुमच्याशेजारी कातळावर आडवं व्हायचंय.

काकूंना सांगा, दोघांचे कपडे वाळवायला चुलीवर दोरी बांधून ठेवा.

तुमची नीरजा