पेन डाऊन, मुक्काम चिंचवड

४ नोव्हेंबर
रोजनिशीबाई, उशिराची माफी असावी. मालिकालेखकांचा संप आहे, पेन डाऊन. तुझ्यात लिहिलं तर संप मोडल्यासारखं होईल, या धास्तीने तुला उघडलीच नाही. आज ज्योतीरामला विचारलं. चाकणच्या कंपनीत, युनियनमध्ये आम्ही बरोबर होतो. तो म्हणाला, डायरी म्हणजे प्रॉडक्शन न्हाई राव, मेंटेनन्स हाय. संपातबी भट्टी इझू देत न्हाईत. पटलं.

५ नोव्हेंबर
मी सातवी पास. पण मालिकेतल्या गोजाबाईचं मावळी बोलणं माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. बाकी सगळं मुंबईचे शिकलेले लेखक लिहितात. म्हातारीचा जीव माझ्या हातात, म्हणजे मालिका मीच चालवतो. मागणी साधी: टायटलमध्ये लेखकाचं नाव वाचून होईपर्यंत तरी थांबलं पाहिजे. माझं तर आमच्या हिला अजून एकदाही दिसलेलं नाही.

६ नोव्हेंबर
संपात गेटवर हजेरी लागते. म्हणून सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसलो. लोकांना वाटलं, नवा वॉचमन. कुरिअरवाले पार्सलं माझ्याकडे देऊन गेले. सही मागत होते. दिली नाही, पेन डाऊन. शेजारच्या विजयश्रीबाई म्हणाल्या, काका, बसलाच आहात तर दुधाची पिशवी घेऊन ठेवाल का? ठेवली. जनतेचा पाठिंबा वाढतो आहे.

८ नोव्हेंबर, दुपारी
मालिकेच्या प्रॉडक्शनमधल्या अनुयाचा फोन. उचलला नाही. संपात मॅनेजमेंटचा फोन उचलायचा नाही, एकेकाला गाठून फोडतात. कंपनीतला पहिला धडा. परत वाजला. परत. चांगलेच घाबरलेत. मी हललो नाही. मेसेजही आले. चष्मा मुद्दामच लावला नाही. ही म्हणाली, अवं, कुनी मेलंबिलं असंल, उचला की! यशोदाला संपातलं काही कळत नाही.

९ नोव्हेंबर
संकल्प: संप मिटला की मोठं नाटक लिहायचं. रोज पहाटे उठून. आज कथानकाचा विचार करता करता डोळा लागला. संपकऱ्याने ताकद राखून ठेवावी.

११ नोव्हेंबर
मालिकेवर माझा बहिष्कार आहे. फक्त स्वयंपाकघरात उभा राहून ऐकतो. आज गोजाबाई एक शब्द बोलली नाही! ही सांगते, हॉस्पिटलात डोळे मिटून पडलेली. माझ्याशिवाय म्हातारीचं तोंड उघडत नाही, हे त्यांना कळलं. ज्योतीरामला आनंदाने फोन केला. तो म्हणाला, राव, म्हातारीला सलाइन लावलंय, लक्षण काय बरं न्हाई. ज्योतीराम पहिल्यापासून नरम गटातला.

१२ नोव्हेंबर
अनुयाचा फोन येईनासा झाला. म्हणजे बोलणी वरच्या पातळीवर गेली असणार. आपणच लावावा का? नाही. शिस्त म्हणजे शिस्त. दोनदा नंबर काढून ठेवला, एवढंच.

१४ नोव्हेंबर
ही पदराने डोळे पुसत आत आली. म्हणाली, गेली वं गोजाबाई. फोटोला हारबी घातला. लगेच विजयश्रीबाई आल्या. म्हणाल्या, काय सुंदर भाग झाला हो, काका! म्हातारी काही बोलली नाही म्हणूनच इतकं रडू आलं.
चष्मा लावला. अनुयाचे मेसेज वाचले. संप आठ तारखेलाच मिटलेला. मागण्या मान्य. काका, गोजाबाईचे सीन उद्या हवेत. काका, आहात ना? काका, चॅनल थांबत नाही, सॉरी. म्हणजे इतके दिवस सबंध महाराष्ट्रात संपावर मी एकटा.
चूक त्यांचीच. संप मिटला तर गेटवर येऊन सांगायचं असतं. मी तिथेच तर बसलो होतो.

१५ नोव्हेंबर
पेन उचललं. अनुयाला पाठवायचा मजकूर आधी इथे कच्चा लिहितो आहे.
अनुयाताई, गोजाबाईला एक धाकटी बहीण होती. खेडकडे दिलेली. दोघींचं जमत नव्हतं, म्हणून आजवर कधी मालिकेत आली नाही. पण दहाव्याला येईल. सख्खी आहे, येणारच. स्वभावाने फार बोलकी. चॅनलला चालत नसेल तर बोलणं कमी करतो. अगदीच तसं असेल तर नुसती हं, हं म्हणेल, तेवढंही लिहून देईन. दहावा कधी शूट करताय, तेवढं लवकर कळव.