दगडफुलांच्या पुड्यांची निरवानिरव

मी, अंजना त्रिंबक आघाव, वय बहात्तर, वनस्पतिशास्त्राची निवृत्त अध्यापिका, राहणार उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तरीही शंका असेल त्याने माझ्याशी पाच मिनिटं भांडून पाहावं.

कलम १. राहतं घर माझ्या थोरल्या जाऊबाई कडूबाई यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील. नंतर ते त्यांचा मुलगा तानाजी याला मिळेल. आईला चौसाळ्याला आपल्याकडे नेऊन घर विकायचं त्याच्या मनात आहे, ते त्याने मनातच ठेवावं. आम्ही दोघी विधवा एका चुलीवर म्हाताऱ्या झालो. दगडफुलातही दोन जीव एकत्र नांदतात. बुरशी आसरा देते, ओल धरते. शेवाळ उन्हावर अन्न करतं. आमच्यात पेन्शन माझी आणि रांधणं त्यांचं. मीठ जरा जास्त पडतं, पण ते असो.

कलम २. माझं भिंग मंदिर समितीचे अध्यक्ष धुळाजी यांना द्यावं. टेकडीवरच्या म्हसोबाच्या शिळेवर नारिंगी दगडफूल होतं. नखाएवढं वाढायला त्याला कैक वर्षं लागली होती. यांनी ते घासून काढलं, वर तेलरंग फासला आणि मला म्हणाले, "मॅडम, देव कसा चकाचक झाला बघा!" पुढचा दगड रंगवण्याआधी त्यांनी भिंगातून बघावं. त्या शिळेवरचं दगडफूल आता माझ्या एका पुडीतच उरलंय.

कलम ३. खरा घोर होता तो या पुड्यांचाच. जन्मभर डोंगर धुंडाळून गोळा केलेली दगडफुलं, प्रत्येक पुडीवर जागा, तारीख आणि झाड किंवा दगड यांची चिठ्ठी. कीड मरावी म्हणून प्रत्येक पुडी आमच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात राहून आलेली. चिठ्ठी गेली की नमुना संपला, उरतो तो मसाला. हे मी अनुभवाने सांगते. एका उन्हाळ्यात मी परगावी असताना महाबळेश्वरहून आणलेलं खोकंच्या खोकं कडूबाईंनी काळ्या मसाल्यात भाजून कुटलं. "मला काय ठावं? दगडफूल म्हणलं की मसाल्याचंच! वास बघ लई झाक सुटलाय." तो वास खरंच छान होता, याचा मला जास्त राग आला.

तानाजीचं किराणा दुकान आहे. तो तर सरळ म्हणाला, "काकू, दगडफूल महाग झालंय. पडून कशाला ठिवता? दुकानात लावू की." म्हणून मसुद्यात मी 'माझ्या पश्चात पुण्याच्या वनस्पतिसंग्रहालयास' असं लिहिलं. वकिलांनी विचारलं, "पश्चात पोचवणार कोण?" पोचवणार तानाजीच, आणि वाटेत त्याचं दुकान. तेव्हा कडूबाई म्हणाल्या, "मरायची वाट कावून बघायची? आताच दिऊन टाक की."

परवा संग्रहालयाच्या सुकन्याताई गाडी घेऊन आल्या. त्यांनी एकेक पुडी चिठ्ठीशी ताडून घेतली. कडूबाई स्वतः खोकी उचलू लागल्या. "आमच्या म्हसोबाची पुडी वर ठिवा, न्हाईतर दबंल," त्या म्हणाल्या आणि मला भरून आलं. कोरड्या राहिल्या तर पुड्या आपल्या पतवंडांनाही बघायला मिळतील, असं ताई म्हणाल्या. सुटले गं बाई! सबब, त्या पुड्यांवर आता कोणाही वारसाचा हक्क नाही.

कलम ४. गाडी गेल्यापासून मला पडल्या पडल्या झोप लागते आणि एक भाकरी जास्त जाते. तरी वारसांनी इतक्यात वाट पाहत बसू नये.

सही: अंजना त्रिंबक आघाव

बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत, हसत हसत सही केली, त्याचे साक्षीदार:
१. गहिनीनाथ सानप, शेतकरी, उमापूर
२. डॉ. संगीता खाडे, गेवराई

उमापूर, दि. १२ फेब्रुवारी २०२५