कोपऱ्यातल्या चार कुंड्या

मंगळवार, १२ मार्च

ताईंना काचघरातल्या मावशीचा नमस्कार.

सुखरूप पोचलात, बरं झालं. इकडे सगळं ठीक. पंखा परत कुरकुरतोय, पहारेकरी बसल्या जागी डुलक्या काढतोय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी शेवटपर्यंत वाचा.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, लाल चिठ्ठी लावलेली तुमची रोपं अठरा दिवस बिनपाण्याची हिरवी राहिली, गुरुवारी शास्त्रज्ञांच्या सगळ्या सभेपुढं सांगणार. मी नुसतं हं हं केलं. तुम्ही हसत होतात, खरं सांगायचं राहूनच गेलं.

तुम्ही समजावलेलं माझ्या पक्कं लक्षात आहे. रोपाच्या आत एक मुकादम असतो. स्वतः काडी हलवत नाही, नुसते हुकूम सोडतो. पाणी तुटलं की ओरडतो, वाढ थांबवा, पानांची भोकं मिटा. लाल चिठ्ठीवाल्यांत तुम्ही जास्त जागता मुकादम बसवलात. पण तो मेला पाणी होतं तेव्हाही ओरडतच असणार. शेजारची रोपं टरारून वर गेली, ही आपली बोटभर.

मला दया आली त्यांची. झालं.

सहाव्या दिवसापासून रोज थोडं थोडं पाणी घातलं मी. "मावशी, जीव लावू नका त्यांना," असं तुम्ही बजावलं होतंत. हाताला कुठलं कळतंय! मातीत पाणी किती उरलं ते कळायला कुंड्यांची वजनं करतात, ती वहीत मीच लिहिते. लाल कुंडीपुढं शेजारच्या सुक्या कुंडीचा आकडा उतरवला.

आता डोकं चालत नाही. रोपं तुमच्या मुकादमानं जगली का माझ्या पेल्यानं? पहारेकरी म्हणतो, जगली ना, मग गप बस. गप बसले तर तुमचं नाव होईल, पण खोटं. बोलले तर तुमची दोन वर्षं पाण्यात, तीही माझ्या.

एक आहे. मागच्या कोपऱ्यातल्या चार लाल कुंड्यांपर्यंत माझा हात पोचत नाही. वजनालाही पहारेकरीच त्या काढून देतो. त्यांना थेंब गेलेला नाही. आज त्याच्याकडून बाहेर काढवून निरखून बघितल्या. पानं गुंडाळलीत, माना खाली. पण देठ नखानं दाबला तर आत ओल लागते. मेलीत का दम धरून आहेत, मला कळेना.

तुमचे चष्मेवाले सर उद्या त्या सभेलाच निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. गुरुवारी काही बोलू नकोस पोरी. आधी येऊन त्या चार बघ, मग मला काढून टाक.

काचघराची किल्ली पहारेकऱ्याकडे दिली आहे. तू येईपर्यंत परत मागणार नाही. माझ्या हातांचा मला भरवसा नाही.

तुझी,
पाणी घालणारी मावशी