आडनाव आधी

३ नोव्हेंबर
घाटनांदूरच्या महिला मंडळाचं ज्वारीच्या पदार्थांचं पुस्तक. संपादक मी. प्रस्तावना लिहून झालीसुद्धा. पाककृती देणाऱ्या तिघीच, आठवड्यात काम संपेल. नावांचा नियम ठरवला: आधी आडनाव, मग नाव, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं. आख्खी नोकरी शाळेचा हजेरीपट असाच लिहिला. एकाही मुलाची तक्रार नाही.

५ नोव्हेंबर
पहिली तक्रार. किराणा दुकानवाली नीलम्मा. म्हणते, नुसतं नीलम्मा लिवा. आडनाव दुकानाच्या पाटीवर हाय की, माझ्या धपाट्यावर कावून? सासरी भांडण झालेलं दिसतं. चौकशी केली. झालेलं नाही. म्हणजे लपवतायत.

८ नोव्हेंबर
बँकेतली ज्योत्स्ना. आडनाव लावतच नाही. तिला हवंय ‘ज्योत्स्ना भामाबाई’. भामाबाई म्हणजे आई. मी म्हटलं, वडिलांचं लावा, रीत आहे. तर म्हणाली, मॅडम, आमच्या दादांना चूल कुठल्या खोलीत आहे तेवढंच ठाऊक होतं, आंबील आईची आहे. आंबील उत्तम आहे. पण उत्तर पाठ केलेलं वाटलं. कुणीतरी शिकवतंय.

११ नोव्हेंबर
तिसरी पाककृती हंगेरीहून ज्वारीवर संशोधन करायला आलेल्या बाईंची. कागदावर लिहिलं होतं साबो इलोना. परदेशी लोक आडनाव शेवटी लिहितात, हे मला कॉलेजपासून माहीत. म्हणून नियमाप्रमाणे फिरवलं: इलोना साबो. तर म्हणतात, आमच्या देशात आडनाव आधीच असतं, साबो हेच आडनाव. म्हणजे माझाच नियम! इतक्या लांबून येऊन अगदी माझाच? पासपोर्ट मागितला. लगेच दाखवला. पण तो त्यांच्याच सरकारनं दिलेला, त्याचा काय भरवसा. इलोना साबो कायम.

१४ नोव्हेंबर, दुपारी
तिघी नीलम्माच्या दुकानात चहा पिताना दिसल्या. मला बघून हसल्या. या की बाई, बसा म्हणाल्या. बसले नाही. कट असल्याचा पुरावा मिळाला.

१७ नोव्हेंबर
माझ्या नियमाप्रमाणे प्रूफ काढून तिघींना दिलं. छापलेलं पाहिलं की माणसं गप्प बसतात.

१८ नोव्हेंबर
तिघींनी पाककृती परत मागितल्या. नीलम्मा म्हणाली, नाव आमचं, आन् त्याला वळण तुमी लावणार व्हय? दिल्या परत. चार दिवसांत येतील. संपादकाशिवाय पुस्तक होत नसतं.

२९ नोव्हेंबर
आल्या नाहीत. लाजत असतील.

९ डिसेंबर
पुस्तक प्रेसमध्ये गेलं. संपादक कुणीच नाही. ज्योत्स्नाचा फोन: मॅडम, प्रस्तावना तुमचीच घेतोय. खाली नाव कसं लिहू? तुम्ही सांगाल तसं.
यात डाव आहे. ठणकावून सांगितलं, मिटकरी शिवकन्या विश्वेश्वर, यात विचारायचं काय?
फोन ठेवला. मग आठवलं, बी.ए.च्या पदवीवर मी माया आहे. शिवकन्या लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं. मला कुणी विचारलं नव्हतं.
पुन्हा फोन केला. म्हटलं, थांबा, ते छापू नका. मग काय छापू, म्हणाली. उद्या सांगते म्हटलं.

१३ डिसेंबर
अजून सांगितलेलं नाही. नीलम्मा येऊन गेली. म्हणाली, बाई, घाई न्हाई, पर समद्यांची नावं छापून झाली, मशीन तेवढं तुमच्यापाशी थांबलंय.