गेटाबाहेर गेलेली बॅटरीगाडी

२० नोव्हेंबर १९६७, सोमवार
आज गाडी चढावर बंद पडली. गोडाउनकडून प्लँटकडे निघालो होतो, मागे अ‍ॅसिडच्या काचेच्या बरण्या. ब्रेक धरेना. मागे घसरायला लागली तशी हमालाने डोक्यावरचं गोणपाट चाकाखाली फेकलं, वर वीट ठेवली. थांबली. कुणाला काही झालं नाही. पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही, नुसता आवारात फिरत राहिलो.
बाबांच्या मचव्यातून मीठ घेऊन मुंबईला जायचो तेव्हा वारा पडला तर नांगर टाकायचा, भरतीची वाट बघायची. या बॅटरीगाडीला भरती नाही. आवाज नाही, धूर नाही. बंद पडते तीही गुपचूप.

२१ नोव्हेंबर
गोखले साहेबांना भेटलो. आमचे इंजिनियर, ठाण्याहून येतात. म्हटलं, गाडीत अडीनडीचं सामान ठेवायला एक पेटी पाहिजे.
"पेटी बरण्यांची जागा खाईल."
"सीटखाली बसवतो साहेब."
"बसवा. पण आवारातल्या आवारात फिरणारी गाडी आहे. काशीयात्रेला निघाल्यासारखं करू नका."
हसून म्हणाले. बरा माणूस.

२६ नोव्हेंबर, रवि.
पेटी तयार. पत्र्याचीच, गंज खरवडून रंग दिला. चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, मचव्यावरचा जाड दोर, नट आवळायचे पाने, रबरी हातमोजे, टॉर्च. अ‍ॅसिड सांडलं तर वर टाकायला खाण्याचा सोडा पुडीभर नको, पिशवीभर पाहिजे, तो वाण्याकडून आणला. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या आहेतच, साध्या पाण्याचा डबा वेगळा. अजून काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतं. रात्री उठून परत उघडून बघितली.
बायकोने, यमुनेने, जुनी गोधडी आणून वर टाकली. "घ्या, ही पन ठेवा. त्या गाडीला बालंतपनाला नेताय का काय?"

३० नोव्हेंबर
संध्याकाळी नामादादाच्या खळ्यावर. माझा चुलतभाऊ, पण बापाच्या जागी. झोडणी चालू आहे, भात बरं आलंय. खळ्याला लागूनच ठाणे-बेलापूर रस्ता. लॉरी गेली की धूळ भातावर. दादा कंपनीचं नाव काढत नाही, "तुमचं ते" म्हणतो. मी तिथे लागलो त्याला इतके दिवस झाले, एकदाही गेटापर्यंत आला नाही.
आज एवढंच विचारलं, "त्या गारीला बैल नाय, तेल नाय. दमली की कसं रं?"
चार्जिंगला लावतो म्हटलं, नि पेंढी उचलून झोडायला लागलो.

६ डिसेंबर, बुध.
काल लिहवलं नाही. कालचंच आज लिहितोय.
दुपारी रस्त्यावरून माणसं ओरडत आली. आमच्याकडे येणारी अ‍ॅसिडची लॉरी घणसोलीच्या ओढ्यावरच्या मोरीपाशी उलटली, नामादादाच्या खळ्यालगत. मी गाडी नुकतीच चार्जिंगला लावलेली. गोखले साहेबांना शोधलं, ते प्लँटमध्ये आत कुठेतरी. कोण शोधत बसणार. वायर काढली, वाळूच्या बादल्या चढवल्या, पिंपातलं पाणी डब्यांत भरून घेतलं नि सुटलो.
गेटवर वॉचमन आडवा. "ही गाडी भायेर जात नाय. पास?"
"येताना दाखवतो."
काय बोललो ते मलाच कळलं नाही. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दांडी वर केली.
मोरीपाशी बरण्यांचा चुरा. पेंढा काळा पडत चाललेला, वर धूर. बाया हंडे घेऊन धावत होत्या. एकीने सांडलेल्या अ‍ॅसिडवर पाणी ओतलं तर ते तडतडून उडालं. मी ओरडलो, "त्याच्यावर पानी नको! मानसांवर वता!" त्याच्यावर आम्ही वाळू टाकली, मग सोडा. फसफसून वर आला.
लॉरीचा ड्रायव्हर बाहेर काढलेला होता, बरगड्या धरून कण्हत होता. त्याला नामादादाने ओढून काढलं होतं. अनवाणी. त्या अ‍ॅसिडच्या चिखलातून.
दादा बांधावर बसला होता, पाय पुढे धरून. डोळे माझ्यावर. सगळं पाणी त्याच्या पायांवर ओतलं, डिस्टिल्डच्या बाटल्यासुद्धा, मग बायांचे हंडे. ओततच राहिलो. मग गोधडी अंथरून दोघांना गाडीवर घेतलं नि कंपनीकडे निघालो.
अर्ध्या वाटेत गाडी मंदावली. मग उभीच राहिली. चार्जिंग पुरं झालंच नव्हतं. मी हँडल हलवतोय, बटणं दाबतोय, वेड्यासारखा.
मागून वहिनी आली, बैल घेऊन. कुणी सांगितलं नव्हतं तिला. जोखडाला दोर बांधला, गाडीला अडकवला. बैल बुजले. तेव्हा पहिल्यांदा दादा बोलला, पडल्या पडल्या. "डाव्याला मारू नको. त्याला नुस्ती हाक दे."
गेटावर अख्ख्या पाळीची माणसं उभी. बैल ओढताहेत बॅटरीगाडी, वर दोन माणसं. कुणी हसलं नाही. गोखले साहेब धावत आले, दादाला त्यांनीच उचललं. आपल्या मोटारीतून दोघांना ठाण्याच्या इस्पितळात नेलं.

९ डिसेंबर
मला कामावरून बंद केलंय. चौकशी होईपर्यंत. परवानगी नसताना गाडी हद्दीबाहेर नेली, बॅटरी खराब केली. दोन्ही खरं.
सकाळी भोंगा झाला आणि पायात चपला घातल्या. यमुना बघत होती. काढून ठेवल्या.

१० डिसेंबर
दादाला भेटलो. एका पायाची करंगळी काढली. बाकी पाय वाचेल म्हणतात. डॉक्टर म्हणाले, लगेच पाणी घातलंत ते बरं केलंत.
दादा म्हणाला, "भात कोन उचललं?" सांगितलं, सगळ्यांनी मिळून. जेवढं राहिलं तेवढं.

१४ डिसेंबर, गुरु.
गो. साहेब घरी आले! ओटीवर बसले. यमुनेने चहा केला, दूध संपलेलं, तसाच प्याले.
"चौकशीत मी सांगणार आहे, गाडी न्यायला मी सांगितलं होतं."
"साहेब, तुमी तर आत होता."
"ते मला ठाऊक आणि तुम्हाला ठाऊक. तुम्ही फक्त हो म्हणा."
ते गेल्यावर यमुना म्हणाली, "देवमानूस." मी हो म्हटलं. मग दिवसभर कुठेच बसवेना. मिठागरांपर्यंत चालत गेलो, परत आलो, परत गेलो.

१८ डिसेंबर, सोम.
चौकशी.
मुंबईच्या ऑफिसातून एक साहेब आलेले. आधी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, पास नव्हता, गोखले साहेबांचं नावही यांनी घेतलं नाही, तरी मी दांडी उघडली, चूक झाली. हात जोडून उभा होता. मग गो. साहेब म्हणाले, मी तोंडी सांगितलं होतं.
मग मुंबईचे साहेब माझ्याकडे वळले. "गोखले म्हणतात ते बरोबर?"
मी हो म्हणायचं ठरवूनच गेलो होतो. शप्पथ. पण वॉचमन समोर. मी हो म्हटलं तर गेटवर साहेबांचं नाव मी घेतलंच असणार असं धरतील, नि तो खोटा ठरणार. त्याने माझ्यासाठी दांडी उचलली होती.
"नाही साहेब. मी कुणाला विचारलं नाही. विचारायला थांबलोच नाही."
गो. साहेबांनी चष्मा काढला, पुसत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही.

१९ डिसेंबर
दादा घरी आला. बैलगाडीतून. पाय उशीवर. त्याला सगळं सांगितलं.
त्याने ऐकून घेतलं. मग, "मी असतो तं हो बोललो असतो."
"आनी वॉचमन?"
दादाने पाय हलवायचा प्रयत्न केला, दुखलं.

२२ डिसेंबर, शुक्र.
निकाल नाही. हमाल भेटला बाजारात. वॉचमन कामावर आहे, त्याला नुसती ताकीद दिली. बॅटरीगाडी नवा माणूस चालवतो. पेटी आहे का, विचारलं. आहे म्हणाला, गोखले साहेबांनीच काढू दिली नाही, सोमवारी जाता जाता सांगून गेले.
"जाता जाता म्हंजे?"
साहेब सोमवारपासून कामावर नाहीत. चौकशीत खोटं बोलले म्हणून घरी बसवलंय. कायमचं का काही दिवस, कुणाला माहीत नाही.
तिथेच बसलो. मासळीवाली म्हणाली, बाबा, गिऱ्हाईक अडतंय, सरक.

२३ डिसेंबर
यमुनेशी बोललो. चूक झाली का माझी? ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "वॉचमनला पन पोरं हायेत." थोड्या वेळाने, "साहेबांना पन असतील."
झोप नाही.

२४ डिसेंबर, रवि. सकाळ
ठाण्याला निघालोय, गो. साहेबांच्या घरी. पत्ता हमालाने मिळवून दिला. दादाने स्वतःच्या भातातले तांदूळ पाठवलेत, धुरातून वाचलेले, नवे. यमुनेने धुतलेल्या पिशवीत बांधून दिले, तोंड दोऱ्याने शिवलं.
दार कोण उघडेल, माहीत नाही. दारात उभं राहून काय म्हणायचं, तेही. बस दिसतेय वळणावर.