ती समोरच बसली आहे

बाई, तुम्ही असतात तर हे पुस्तक मला तिसऱ्या पानावरच मिटायला लावलं असतंत. मी शेवटपर्यंत वाचलं, कारण आशा सुटत नव्हती. वसईतली प्रेमकथा, तीही हसवणारी, असं मागच्या बाजूला छापलं होतं. केस पिकलेली दोन माणसं, एकमेकांवर जीव, आणि वर विनोद. मला आणखी काय हवं होतं? आता ते टेबलावर पडलंय आणि नुसतं बघितलं तरी डोकं फिरतं. हे सांगायला तुमच्याशिवाय कोणी सुचत नाही, आणि तुम्हाला जाऊनही आता किती वर्षं झाली.

ऐका. नायक रोज संध्याकाळी किल्ल्यात गिटार वाजवतो. नायिकेचा प्रत्येक नातेवाईक दारू पितो आणि तोडकंमोडकं हिंदी बोलतो. अहो, आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत तिन्हीसांजेला रोझरीची माळ म्हणतात ती मराठीत, आणि माळ संपली की बायका कोणाचं कोणाशी जमतंय ते बोलत बसतात, तेही मराठीतच. ह्या पुस्तकात दोघांचं प्रेम अर्धं पुस्तक कोणालाच कळत नाही. शेजारणीला नाही, भाजीवालीला नाही. आणि हे म्हणे वसईतल्या पापडी गावात! शेवटी सणाच्या दिवशी नायक बँडवाल्याच्या हातातला माइक हिसकावतो आणि सगळ्या गावासमोर म्हणतो, ‘तुझ्याशिवाय माझी प्रत्येक सकाळ अर्धी आहे.’ गाव टाळ्या वाजवतं. मी साउंड लावतो त्या मांडवात कोणी असा माइक ओढला तर आधी माइक शिटी मारेल, आणि ज्या बाईसाठी ओढला ती मागच्या रस्त्याने घरी निघून जाईल.

शाळेतला तुमचा वाचनालयाचा तास आठवतो. दोन मुलांना उभं करायचात, एक तो, एक ती, आणि पुस्तकातलं बोलणं मोठ्याने वाचायला लावायचात. तुम्ही खिडकीपाशी, डोळे मिटून. खोटं वाटलं की डोळे न उघडता म्हणायचात, ‘हे कोणाच्या पडवीत ऐकलंस का? नाही ना? मग पुस्तक मीट.’ माझी पाळी येते तेव्हा मी नायक असतो आणि मनातली गोष्ट सांगायची असते. मी छाती फुगवून गरजतो. वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. ‘ओरडू नकोस रे,’ म्हणता, ‘ती समोरच बसली आहे. तिला ऐकू येतंय.’

दहावीनंतर मी कामणच्या गोडाऊनमध्ये खोकी उचलायला लागलो तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून एक कादंबरी दिलीत. ‘हसायला येईल,’ म्हणालात. ‘प्रेमात पडलेली माणसं फार हुशारीने वागत नाहीत, तेवढं लक्षात ठेव.’ जेवणाच्या सुट्टीत खोक्यांवर बसून मी ती वाचायचो आणि एकटाच हसायचो. हमाल विचारायचे, डोकं ठिकाणावर आहे ना? तेव्हापासून तसल्या पुस्तकासाठी मी हात पसरूनच असतो, म्हणून तर असा फसतो.

आता माझा लग्नांना साउंड लावायचा धंदा आहे. दोन टेम्पो आहेत. ऐकायचंच काम, त्यामुळे कान तयार झाले. नवऱ्यामुलाच्या कॉलरचा माइक स्टेजवर चालूच राहतो. मी बाहेरचा आवाज बंद करतो, पण माझ्या हेडफोनमध्ये येत राहतं. परवा एक नवरा फोटो काढून घेता घेता विचारत होता, ‘चप्पल चावते का?’ ती म्हणाली, ‘सकाळपासून.’ ‘मग काढ ना, झग्याखाली कोणाला दिसतंय?’ ‘तुझ्या आईला.’ एवढंच. अख्ख्या पुस्तकात एवढंही नाही.

आता चिडण्याचं खरं कारण सांगतो. देवळात अल्तारावर आणि लग्नांत फुलांची सजावट करणाऱ्या एक बाई आहेत. नवरा लवकर गेला. माझीही बायको गेली, मुलगा मनवेलपाड्याला फ्लॅट घेऊन राहतो. हॉलवर त्या फुलं खोचत असतात, मी वायरी ओढत असतो. त्या वाचतात. मीही वाचतो म्हटल्यावर आधी त्यांनी विश्वास ठेवला नाही. वर्षभर आमची पुस्तकं इकडून तिकडे जाताहेत. मला त्यांना लग्नाचं विचारायचं होतं, आणि ते कसं विचारतात ते ह्या पुस्तकाने दाखवावं म्हणून मी ते घेतलं होतं. माझ्या आधी त्यांनाच वाचायला दिलं. नाही म्हणाल्या तर पुस्तकंही थांबतील, ह्याची जास्त भीती.

गेल्या रविवारी देवळातल्या मिस्सानंतर त्यांच्या अंगणात गेलो. त्या झेंडू निवडत होत्या. ‘वाचलं का?’ म्हणाल्या. मी सुरू झालो: गिटार, दारू, माइक. त्या मान हलवत ऐकत होत्या. मग मी थांबलो. जी गोष्ट सांगायला गेलो होतो ती जिभेवर आली, आणि बाई, तोंडातून काय निघालं? ‘तुमच्याशिवाय माझी प्रत्येक सकाळ अर्धी आहे.’

त्यांच्या हातातलं फूल टोपलीत पडलं. ‘हे पुस्तकातलं,’ त्या म्हणाल्या.

‘हो.’

‘आत्ताच शिव्या घातल्यात त्याला.’

‘हो.’

‘मग तुमचं सांगा.’

माझं काय होतं? मी म्हटलं, ‘काम संपलं की टेम्पो तुमच्या गल्लीतून नेतो. लांब पडतं.’

‘एवढाले स्पीकर घेऊन गल्लीतून जाता,’ त्या म्हणाल्या, ‘ते कोणाला दिसत नाही असं वाटलं तुम्हाला? तुमचा ड्रायव्हर तर गेल्या नाताळपासून विचारतोय, लग्न कधी म्हणून.’

‘मग तुम्ही काय सांगितलंत?’

‘म्हटलं, मालकाला वाचून होऊ दे.’ मग फुलं बाजूला सारून त्यांनी मला बसायला जागा केली, आणि मुलाला आधी सांगा, गावाकडून कळायला नको, असंही बजावलं.

हे पत्र कुठे टाकणार? त्याच पुस्तकात ठेवतो, माइकच्या पानावर. त्या लेखकाला मी अजूनही माफ केलेलं नाही. पण एक तुम्हाला सांगायलाच हवं. त्या अंगणात बोलताना घाबरलो होतो, म्हणून आवाज आपोआप खाली आला होता. त्या आवाजात ते वाक्य तितकं वाईट लागत नाही.